चर्च बदललं, आता मी कुठे बसू?

"मॅडम, हे नवीन काही मला सोसत नाही. माझा विश्वासच कच्चा आहे का?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की पहिल्या चार शब्दांत पुढचं कळतं. गीतपुस्तकं कपाटात गेलेली असतात आणि भिंतीवर पडदा आलेला असतो. कुठे प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीचा, एकच प्याला जाऊन प्रत्येकाच्या हाती छोटा प्याला आलेला असतो. तक्रार वयस्कांचीच असते असंही नाही. तिशीतला एक तरुण उलट्या बाजूने तेच सांगून गेला: "काही बदलायचं म्हटलं, की मी देवाचा शत्रू ठरतो."

त्यांतली एक हकिगत सांगते. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत.

बाई साठीच्या पुढच्या, जन्मभर गायनवृंदात गायलेल्या. मुलगी उपासना समितीत. ऑर्गन बंद करून गिटार आणि ड्रम आणायचा निर्णय त्याच समितीचा, त्यामुळे रविवारचं भांडण घरातूनच सुरू व्हायचं. दोघी एकत्र आल्या आणि बसल्या बसल्या मुलीने मुद्दा मांडला.

"आई, तुझी जुनी गीतंही कधीतरी नवीनच होती ना? इंग्लिश गीतकार आयझॅक वॉट्सचं गीतपुस्तक १७०७ मध्ये आलं, तेव्हा बायबलमधली स्तोत्रसंहिता सोडून माणसाने रचलेलं काही उपासनेत गावं का, यावरही वाद होताच."

आई म्हणाली, "असेल. पण त्या वादात मी नव्हते."

मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं. कॅथलिक उपासना शतकानुशतकं लॅटिनमध्ये चालली. लोकांच्या भाषेला वाट मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेच्या, १९६३ मधल्या दस्तऐवजाने. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही बहुतेक ठिकाणी वाद्याविना गातात, म्हणजे ऑर्गनसुद्धा सगळ्यांची परंपरा नाही. पण ज्याचं काही हातातून गेलं आहे, त्याला इतिहास ऐकवून काय होणार? तो गप्प बसतो आणि आपल्याला वाटतं पटलं.

पुढच्या काही भेटी ड्रमच्या आवाजातच गेल्या म्हणा ना. मग मी विचारलं, "तुम्ही स्वतः चर्चमध्ये कधी काही बदललंत का?" हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा काढते. आधी विचारला तर तो सापळा वाटतो.

त्या जरा थांबल्या. "उपासनेत शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, करणारी आमच्या चर्चच्या मंडळीतली पहिली बाई मीच."

"विरोध झाला?"

"झाला तर! चर्चच्या कारभारी मंडळातले एक ज्येष्ठ पंच होते. भर सभेत विरुद्ध बोलले. आणि शनिवारी संध्याकाळी घरी हजर. म्हणाले, मला हे पटलेलं नाही. पण वाचणारच असशील तर नीट वाच, वंशावळीतल्या नावांना अडखळू नकोस. दर शनिवारी बसवून वाचून घ्यायचे."

"नंतर पटलं त्यांना?"

"छे! शेवटपर्यंत नाही. पण माझं वाचन असलं की पुढच्या बाकावर असायचे."

मुलगी हे पहिल्यांदाच ऐकत होती. "मग तू का येत नाहीस आमच्या सरावाला?"

"मला बोलावलं कोणी?"

यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही आणि मीही ती शांतता भरून काढली नाही. नवशिक्या समुपदेशकांना मी हेच सांगत असते: अशा वेळी आपलं शहाणपण आवरा.

माणसाकडे त्याच्या नात्यांमधून पाहायची माझी पद्धत आहे आणि इथे ती पुन्हा कामाला आली. समितीला वाटतं, आधी सगळ्यांना पटवावं लागेल. ज्येष्ठांना वाटतं, पटलेलं नाही तर बाजूला व्हावं लागेल. त्या पंचांनी दोन्ही केलं नाही. मत तेच ठेवलं आणि शनिवारही दिला. पटणं वेगळं, सामील असणं वेगळं. मंडळी एकत्र राहते ती सामील असण्याच्या बळावर.

बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ या नजरेने वाचून पाहा. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, हा तेव्हाचा सर्वांत मोठा वाद. यरुशलेमात सुरुवातीच्या मंडळीचे पुढारी जमले: पेत्र बोलला, बर्णबा आणि पौलाने अनुभव सांगितले, याकोबाने मत दिलं, आणि निर्णय पत्राने कळवला. वाद मिटला. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा वेगळे झाले, ते मार्क नावाच्या सोबत्याला प्रवासात बरोबर न्यावं की नाही यावरून! माझ्याकडे येणारी भांडणं बहुधा या दुसऱ्या जातीची असतात. सिद्धान्ताचं नाव असतं, दुखणं "मला धरलं नाही" हे असतं. (खरोखर सिद्धान्ताचा प्रश्न असेल तर मी चर्चच्या पाळकांकडे पाठवते. ते माझं काम नाही.)

म्हणून समितीतल्यांना सांगते: निर्णय झाल्यावर "चालेल ना?" विचारू नका. निर्णयाआधी विचारा, "यातलं काय गेलं तर तुम्हाला सर्वांत जास्त लागेल?" आणि ज्याचं काही जातं आहे, त्याला खरं काम द्या. महिन्यातून एक "जुन्या गीतांचा रविवार" हा तोडगा मला मुळीच आवडत नाही. त्यात माणूस स्वतःच्याच चर्चमध्ये पाहुणा होतो.

ज्येष्ठांनी "सगळंच बिघडलं" म्हणणं सोडावं आणि नेमकं काय हरवलं ते शोधावं. या बाईंचं ऑर्गनशी काही विशेष नव्हतं. चार आवाजांतलं, म्हणजे चार गटांनी एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गायचं, गाणं गेलं होतं, कारण पडद्यावर नुसते शब्द येतात, स्वरलेखन येत नाही. हे सापडायला आम्हाला एक अख्खी भेट लागली, पण एवढं नेमकं मागणं समितीला नाकारणं जड जातं.

आणि विश्वास कच्चा असण्याबद्दल: यरुशलेमहून कैद करून बाबेलात नेलेल्या लोकांनी "परक्या देशात परमेश्वराचं गीत आम्ही कसं गावं?" असं विचारलं. ती तक्रार स्तोत्र १३७ म्हणून उपासनेच्याच पुस्तकात, स्तोत्रसंहितेत, आली. त्यांना कोणी कच्चं म्हटलं नाही.

बाई आता शनिवारी तरुणांना दोन गीतं चार आवाजांत शिकवतात. त्यांतलं एक नवीन आहे. ड्रमबद्दलची नापसंती त्यांनी समितीला लेखी कळवली आहे, आणि मुलीने ती पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतली आहे.