‘लाइन प्लॉट’ला रेषालेख म्हणावं का?

विचारणा अशी आहे: दुसरी-तिसरीच्या मुलांना गणित मराठीतून शिकवताना ‘लाइन प्लॉट’ला (म्हणजे संख्यारेषेवर फुल्या मांडून काढलेल्या आलेखाला) काय म्हणावं, ‘रेषालेख’ चालेल का? त्याला जोडून आणखी एक अडचण कळवली आहे. ‘या आलेखात सर्वांत जास्त संख्या कोणती?’ असं विचारलं की वर्गातून वेगवेगळी उत्तरं येतात, आणि प्रत्येक मूल आपलंच खरं म्हणून हट्ट धरतं. असं का होतं?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देता येतं. रेषालेख म्हणू नये, ‘फुल्यांचा आलेख’ म्हणावं. दुसऱ्यावर सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे मुलांचं गणित कच्चं नाही, प्रश्नाची मराठी सैल आहे.

‘रेषालेख’ हा शब्द आपण आधीच ‘लाइन ग्राफ’ला देऊन बसलो आहोत. आडव्या अक्षावर दिवस, महिने किंवा वर्षं घ्यायची, ठिपके द्यायचे, ते ओळीने जोडायचे आणि रेषा कुठे चढते, कुठे उतरते ते पाहायचं, असा तो आलेख. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली व्यापाराचे आकडे अशा रेषांनी छापले, आणि पुढे तो रूढ झाला. लाइन प्लॉटमधली ‘लाइन’ वेगळी. ती म्हणजे आपली संख्यारेषा. ती खाली आडवी असते, चढत नाही की उतरत नाही. तिच्यावर प्रत्येक मोजमापासाठी एक खूण करायची, त्याच मापाची दुसरी वस्तू आली की आधीच्या खुणेच्या डोक्यावर दुसरी खूण. कशालाही काहीही जोडायचं नाही. एकाच नावाखाली दोन्ही आलेख ठेवले तर पुढे रेषालेख शिकलेलं मूल इथेही फुल्या जोडायला घेईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

‘प्लॉट’ हा शब्दही मराठी कानाला आडवाटेला नेतो. आपल्याला आठवतो तो जमिनीचा तुकडा, नाहीतर सिनेमाची गोष्ट. इंग्रजीत आधी जमिनीचा तुकडा, मग त्या जमिनीचा नकाशा, मग नकाशावर खूण करणं, असा अर्थ सरकत आला. आपल्या कामाचा अर्थ शेवटचा: खूण करणं. म्हणून नावात खूण यावी, रेषा नाही आली तरी चालेल. पहिल्यांदा सांगताना ‘संख्यारेषेवरचा फुल्यांचा आलेख’ असं पूर्ण म्हणावं, नंतर ‘फुल्यांचा आलेख’ पुरतो.

ठिपके काढले तर ‘ठिपकालेख’ही छान होतो. ठिपका आणि आलेख सहज जुळतात. अमेरिकेतल्या ‘कॉमन कोअर’ या २०१० सालच्या अभ्यासक्रम-मानकांत हाच आलेख दुसरीत ‘लाइन प्लॉट’ म्हणून येतो आणि सहावीत ‘डॉट प्लॉट’ म्हणून, त्यामुळे इंटरनेटवर दोन्ही नावं दिसतात आणि हे दोन वेगळे प्रकार आहेत की काय असं वाटतं. लहान वर्गांसाठी आलेख तोच आहे. फुल्या काढल्या काय, ठिपके दिले काय, वाचायची रीत बदलत नाही.

फुलीबद्दल मात्र एक सावधगिरी हवी. आपल्याकडे फुली ही नकाराची खूण आहे. चुकलेल्या गणितावर फुली पडते, यादीतल्या नावावर फुली मारतात, छापायला नको त्या शब्दाच्या जागी फुल्या येतात. त्यामुळे ‘नऊवर फुली मार’ म्हटलं की काही मुलं रेषेखालचा ९ हा आकडाच खोडतात! क्रियापद बदललं की हा घोटाळा टळतो. ‘नऊच्या डोक्यावर एक फुली काढ’ किंवा ‘फुली मांड’ म्हणावं. ‘मारणे’ खोडण्याकडे नेतं, ‘मांडणे’ नोंदीकडे. आणि आलेख पेन्सिलींच्या लांबीचा असेल तर पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवावं: एक फुली म्हणजे एक पेन्सिल. चित्रालेखात एका चित्रामागे पाच किंवा दहा वस्तू धरायची सवय झालेली असली तर हे वाक्य फारच गरजेचं.

आता मुख्य मुद्दा. समजा बारा पेन्सिली मोजल्या, जवळच्या पूर्ण सेंटिमीटरपर्यंत. लांबी आली अशी: ६, ८, ८, ९, ९, ९, ९, ११, १२, १२, १२, १५. संख्यारेषा ६ ते १५ काढली. ६ वर एक फुली, ८ वर दोन, ९ वर चार, ११ वर एक, १२ वर तीन, १५ वर एक. विचारा: ‘सर्वांत जास्त संख्या कोणती?’ एक मूल म्हणेल १५, कारण रेषेवर फुली असलेला तोच सर्वांत मोठा आकडा. दुसरं म्हणेल ९, कारण तिथली रांग सर्वांत उंच. तिसरं म्हणेल ४, कारण त्या रांगेत फुल्या चार आहेत. तिघांनीही आलेख बरोबर वाचला आहे.

घोळ ‘संख्या’ या शब्दात आहे. मराठीत तो दोन कामं करतो. ‘नऊ ही संख्या’ म्हणताना तो आकड्याची किंमत सांगतो, आणि ‘पेन्सिलींची संख्या’ म्हणताना मोजदाद. षष्ठीचा प्रत्यय लागला की अर्थ बहुधा मोजदादीकडे झुकतो, नुसता आला की किमतीकडे, आणि मोठी माणसं संदर्भाने ते ओळखतात. फुल्यांच्या आलेखात मात्र दोन्ही अर्थ एकाच कागदावर हजर असतात: रेषेखाली किंमत, रेषेवर मोजदाद. शिवाय ‘जास्त’ हे विशेषण ‘मोठी’ आणि ‘पुष्कळ’ या दोन्हींच्या जागी वापरता येतं. एकाच प्रश्नात दोन दुहेरी शब्द आल्यावर मुलांनी करायचं काय?

माझं स्पष्ट मत असं की पहिले काही दिवस प्रश्नातून ‘संख्या’ शब्द काढूनच टाकावा. रेषेखाली जे आहे त्याला ‘लांबी’ म्हणा, रेषेवर जे आहे त्याला ‘पेन्सिली’. ‘सर्वांत लांब पेन्सिल किती सेंटिमीटरची?’ उत्तर १५. ‘कोणत्या लांबीच्या पेन्सिली सर्वांत जास्त आहेत?’ ९ सेंटिमीटरच्या. ‘त्या किती आहेत?’ चार. आपली भाषा इथे मदतही करते. ‘किती सेंटिमीटरची’ म्हटलं की बोट खाली रेषेकडे जातं आणि ‘किती पेन्सिली’ म्हटलं की वर फुल्यांकडे. मुलांना प्रश्न ऐकून नुसतं बोट वर किंवा खाली करायला सांगावं, उत्तर मागूच नये. कोणाला प्रश्न कळला आणि कोण फक्त अंदाज करतंय ते तेवढ्यात दिसतं.

असाच दुसरा चकवा ‘वर’ या शब्दाचा. ‘नऊवर किती फुल्या?’ म्हणजे नऊच्या माथ्यावर किती, उत्तर चार. ‘नऊच्या वर किती पेन्सिली?’ म्हणजे बोलीत नऊपेक्षा जास्त लांब किती, उत्तर पाच (११ ची एक, १२ च्या तीन, १५ ची एक). एका ‘च्या’ने उत्तर बदललं, आणि हा ‘च्या’ भरभर बोलताना नीट ऐकू जाईलच असं नाही. म्हणून तुलना विचारताना ‘पेक्षा’ वापरावं: ‘९ सेंटिमीटरपेक्षा लांब पेन्सिली किती?’ तसंच ‘९ ते १२’ म्हटलं तर टोकं धरायची की नाही ते आधी सांगून टाकावं. धरली तर आठ पेन्सिली, सोडली तर एकच.

आलेख काढताना होणाऱ्या चुकांपैकी एक चूक वारंवार दिसते आणि तिच्यामागे मुलाचं तर्कशास्त्र असतं. ७, १०, १३ आणि १४ सेंटिमीटरची एकही पेन्सिल नाही, म्हणून मूल ते आकडे रेषेवर लिहीतच नाही. ६, ८, ९, ११, १२, १५ असे सहा आकडे समान अंतरावर मांडून मोकळं होतं. स्तंभालेखात आवडते रंग मांडताना हे चालून जातं. जो रंग कोणालाच आवडला नाही तो गाळला, रंगांचा क्रम बदलला, तरी फारसं बिघडत नाही. इथे बिघडतं, कारण खाली संख्यारेषा आहे आणि तिच्यावरची रिकामी जागासुद्धा माहिती देते. बारानंतर सरळ पंधरा, मध्ये कोणी नाही, म्हणजे ती एक पेन्सिल बाकीच्यांपासून दूर पडली आहे. हे दिसायचं तर १३ आणि १४ लिहिलेच पाहिजेत. आवडत्या रंगांचा फुल्यांचा आलेख का होत नाही, हेही इथेच सांगावं: रंगांना संख्यारेषेवर जागा नसते.

बाकी काढण्याची शिस्त चौकटीची वही सांभाळते. एका चौकटीत एक फुली, म्हणजे फुल्या लहानमोठ्या होत नाहीत आणि तीन ऐसपैस फुल्या चार बारीक फुल्यांपेक्षा उंच दिसत नाहीत. ताळ्याच्या खुणा (चार उभ्या रेघांवर पाचवी तिरकी ओढून पाचांचे गठ्ठे करणं) नुकत्याच शिकलेली मुलं पाचवी फुली आधीच्या चारांवर तिरकी ओढू पाहतात. इथे गठ्ठे बांधायचे नाहीत, रांगच वाढू द्यायची, एवढं सांगून पुढे जावं. काढून झालं की सगळ्या फुल्या मोजायला लावाव्या. बारा पेन्सिली, तर फुल्याही बाराच. अकरा भरल्या तर कुठली पेन्सिल राहिली ते मुलांनीच शोधावं.

अर्धा आणि पाव सेंटिमीटर आले की मराठी मुलांच्या हातात एक जुनं, उत्तम साधन असतं: सव्वा, साडे, पावणे. आठ आणि नऊ यांच्यामधल्या तीन खुणांना आपल्याकडे सुटसुटीत नावं आहेत, सव्वाआठ, साडेआठ, पावणेनऊ. या शब्दांत बेरीज-वजाबाकी आधीच भरलेली आहे. सव्वा हा ‘सपाद’वरून, म्हणजे पावासहित. साडे ‘सार्ध’वरून, अर्ध्यासहित. पावणे ‘पादोन’वरून, पाव उणा. म्हणूनच पावणेनऊची फुली अडते. ऐकू येतं ‘नऊ’, मग मूल ९ गाठतं आणि फुली त्याच्या उजवीकडे काढतं. पहिल्या दोन नावांत आकड्याच्या पुढे जायचं असतं, तिसऱ्यात मागे यायचं. रेषेवर बोट ठेवून ‘नऊला पोचायला पाव कमी’ असं म्हणत मागे आणलं की पावणे हा शब्द आयुष्यभरासाठी पक्का होतो. दोन अपवाद लगेच सांगून ठेवावे: साडेएक आणि साडेदोन आपण म्हणत नाही, दीड आणि अडीच म्हणतो.

मध्यक, बहुलक आणि सरासरी हे शब्द लहान वर्गात नकोत, पण त्यांची जागा याच आलेखात तयार होते. उंच रांग म्हणजे पुढचा बहुलक. दोन्ही टोकांकडून एकेक फुली झाकत आत आलं की शेवटी उरतात त्या मधल्या, तिथे मध्यक. आपल्या बारा पेन्सिलींत हे दोन्ही ९ वर येतात. सरासरीची गोष्ट निराळी. सगळ्या लांबींची बेरीज १२०, पेन्सिली १२, म्हणून सरासरी १०, आणि १० वर एकही फुली नाही. चौथी-पाचवीच्या मुलांपुढे हाच आलेख पुन्हा ठेवून विचारावं: दहा सेंटिमीटरची पेन्सिल एकही नसताना सरासरी दहा कशी आली?