ज्याचं पथ्य, त्याची कढई

प्रिय लेका,

परवा रात्री साडेअकराला तुझा तो लांबलचक मेसेज आला, मी दोनदा वाचला. गवार चालते का, तूप दुधात धरायचं का, रताळं किती, हिंग चालतो का, आणि सगळ्यात शेवटी, "काका, आई का नाराज आहे कळत नाही". शेवटचा प्रश्न तू असाच जाता जाता लिहिलास आणि मला मात्र तोच पहिला दिसला. बाकीची उत्तरं देतो, पण आधी सांग, तुझ्या घरात हे पॅलिओ, म्हणजे धान्य, डाळी, साखर, दूध सोडून अश्मयुगातल्या माणसासारखं खायचं पथ्य, शिजवतं कोण?

मला माहितीय. वहिनी परवा गिरणीत भेटल्या होत्या. पाचला उठून आधी तुझे बदाम सोलायचे, मग बाबांच्या चपात्या, मग तुझी भाजी वेगळी कारण सगळ्यांच्या भाजीत दाण्याचा कूट असतो. तक्रार नव्हती त्यात, कौतुकानंच सांगत होत्या की पोरानं सहा किलो कमी केलं म्हणून. मला तिथं पिठाच्या धुरळ्यात उभं राहून कसंतरीच झालं, कारण हे सगळं मी आमच्या घरात बघितलेलं आहे आणि तेव्हा मला काही दिसलं नव्हतं.

ज्याचं पथ्य, त्याची कढई. एवढंच मला सांगायचंय, उरलेलं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

२०१५ ला माझी शुगर निघाली. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ८.९. कुणीतरी पॅलिओ सांगितलं, मी पेटून सुरू केलं, धान्य बंद, डाळी बंद, साखर बंद, दूध बंद. आठ महिन्यांत ६.३ वर आलो आणि बँकेत सगळ्यांना भाषण द्यायला लागलो. त्या आठ महिन्यांत मी गॅसची शेगडी एकदाही पेटवली नाही. एका शेगडीवर घरच्यांचा तवा, दुसरीवर माझी कढई, आणि मध्ये तुझी काकू. मग पावसाळ्यात ती बाथरूममध्ये घसरली, उजवं मनगट मोडलं, प्लेट घालावी लागणार होती म्हणून आधी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरनी विचारलं, बाई, खाता काय तुम्ही? ती म्हणाली, सकाळची भाकरी उरलेली असते, चहाबरोबर. माझ्यासाठी रोज चार अंडी उकडणाऱ्या बाईनं त्या आठ महिन्यांत स्वतः किती अंडी खाल्ली ते मला सांगता येईना. मला माझ्या बदामांची संख्या पाठ होती.

मी काही वाईट नवरा नव्हतो. माझी शाखा गारगोटीला होती, सकाळची एसटी, रात्री आठला घरात, पगार दर महिन्याला तिच्या हातात, कधी आवाज चढवला नाही. त्या काळातल्या कुठल्याही पुरुषानं जे केलं असतं तेच केलं. हे मी आजही स्वतःला सांगतो. पण मग आठवतं की २०१५ म्हणजे काही जुना काळ नव्हे.

प्लास्टरचे सहा आठवडे ती ओट्याजवळ खुर्ची टाकून बसायची आणि मी करायचो. पहिल्या दिवशी तेल तापायच्या आधीच मोहरी टाकली, ती तडतडलीच नाही, नुसती कडवट तळली गेली. मीठ कुठल्या डब्यात आहे तेही विचारलं होतं, पंचवीस वर्षं त्याच घरात राहून. आणि त्याच सहा आठवड्यांत मला पॅलिओ कळलं, आधीच्या आठ महिन्यांत कळलं नव्हतं ते. कारण हाताने करायला लागलास की तू आपोआप वाचायला लागतोस. हिंगाची डबी उलटी करून बघ, बहुतेक डब्यांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, किंवा तांदळाचं. आठ महिने मी गहू बंद आहे म्हणून सांगत फिरत होतो आणि रोजच्या फोडणीत गहू होता! चिमूटभर हिंगानं कुणी मरत नाही, पण तुला माहीत पाहिजे ना तुझ्या ताटात काय आहे.

आता तुझे प्रश्न, पटापट. शेंगदाणा ही डाळवर्गातली शेंग आहे म्हणून बंद, त्याजागी भाजलेल्या तिळाचा कूट आणि सुकं खोबरं, वांग्याला तर तीळ जास्त छान लागतो. गवार कोवळी असेल तर बरेच जण खातात, मीही खातो. तूप कडक नियमात बसत नाही, पण त्यातला दुधाचा भाग कढवताना निघून जातो म्हणून चालवतात. रताळं, सुरण खुशाल खा, वजन उतरवायचंय तर मुठीएवढं. दूध आणि नाचणी दोन्ही सोडलंस म्हणजे कॅल्शियमचे दोन मोठे दरवाजे बंद केलेस, नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमच्या वर असतं आणि मोठ्या माणसाला रोजचं १००० लागतं, तेव्हा तीळ, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी हे रोजच्या रोज पाहिजेच.

आणि बाबांनाही लावणार म्हणालास, तिथं थांब. ते शुगरची गोळी घेतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू ठेवून भात-चपाती एकदम बंद केली की शुगर धाडकन खाली येते. माझी ५८ झाली होती पहाटे तीनला, घामानं गंजी भिजलेली, हात थरथरत होते, साखरपाणी कुणी केलं असेल ते तूच ओळख. आधी डॉक्टर, गोळीचा डोस बघून घ्या, मग कढई. यात चर्चा नको.

राहिला तो वाद, अश्मयुगात माणूस भाकरी खायचा का. १९८५ साली ईटन आणि कॉनर यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लेख लिहिला आणि डॉक्टर लोक या आहाराकडे लक्ष द्यायला लागले, ते ठीक. पण जॉर्डनमध्ये १४ हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत पोळीचे करपलेले तुकडेही सापडलेत, शेती सुरू व्हायच्या चार हजार वर्षं आधीचे, जंगली धान्य गोळा करून, कुटून, भाजलेले. त्यामुळे यादीवरून घरात भांडू नको. यादी बदलत राहील. त्या माणसांनी आपलं खाणं स्वतः शोधलं, स्वतः भाजलं, एवढं मात्र पक्कं आहे आणि तू नेमकं तेच सोडून बाकी सगळं उचललंस. ज्याचं पथ्य त्याची कढई, कितीदा सांगू!

मला लोक हट्टी म्हणतात. लग्नात डबा घेऊन जातो म्हणून मेहुणा दोन वर्षं बोलत नव्हता. आणि तोच मी आता रविवारी एक ज्वारीची भाकरी खातो म्हणून पॅलिओवाले मित्र म्हणतात, हा फुटला. फुटलो नाही. ती भाकरी मी थापतो, परातीत उकळत्या पाण्यानं पीठ मळून, आणि पहिली काकूच्या ताटात जाते. माझी शुगर मी मोजतो, मला चालते. तुला चालेलच असं नाही.

वेळ नाही म्हणू नकोस. तुझं ऑफिस दहाला आहे, अंडी उकडायला बारा मिनिटं लागतात. आणि सुरुवात अवघड डिशनं कर, म्हणजे भीती जाईल. आपल्या कोल्हापूरचा पांढरा रस्सा घे, त्यात पॅलिओला नडणारं जवळजवळ काहीच नाही. मटण आलं-लसूण-मिठात भरपूर पाण्यात शिजवायचं, ते अळणी, म्हणजे मटण शिजल्याचं पाणी, बाजूला काढायचं. तुपात लवंग, दालचिनी, मिरी, वेलदोडा, मग तीळ-खसखस-काजूची वाटलेली गोळी, ती करपू द्यायची नाही, रंग गेला की रस्सा पांढरा राहत नाही. मग अळणी. नारळाचं दूध अगदी शेवटी, आच बारीक, आणि तिथून हलायचं नाही, उकळी आली की दूध फाटतं. मी तीनदा फाडलंय. चौथ्यांदा काकूनं वाटी पुढं केली आणि म्हणाली अजून घाल, त्या दिवशी मी ऑफिसातल्या कुठल्या प्रमोशनला झालो नव्हतो एवढा खूश झालो.

रविवारी सकाळी आठला ये. अर्धा किलो मटण आण, नळी मागून घे, पातळ रश्श्याला तीच लागते. नारळ मी फोडून ठेवतो, खवायचा तू. दोन डबे आण, एक तुझा आणि एक वहिनींचा, आणि त्यांना सांग की त्या दिवशी पाचला उठायचं नाही.

तुझा,
काका

ता.क. बदाम रात्री भिजत घातलेस तर सकाळी साल चिमटीत निघते. आज रात्री तूच घाल.