पॉलिमर फिल्मवर चांदीचा थर: पहिल्या प्रयोगाआधी

पॉलिइमाइड या पॉलिमरच्या फिल्मवर रासायनिक क्षपणाने (म्हणजे चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांची धातुरूप चांदी करून) थर बसवायला आपण सुरुवात करत आहात, म्हणून आधीच सांगतो की थर कसा बसणार, हे बरेचसे क्षपणापूर्वीच ठरलेले असते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीच्या द्रावणात फिल्म बुडवली की पृष्ठभागालगतची इमाइड वलये (पॉलिमरच्या साखळीतील नायट्रोजनयुक्त कडी) उघडतात आणि तेथे पोटॅशियम कार्बॉक्सिलेट गट, म्हणजे पोटॅशियम आयन धरून ठेवणारे आम्लक्षाराचे गट, तयार होतात. पुढे सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात या पोटॅशियमची जागा चांदीचे आयन घेतात, म्हणजे अल्कली जितकी खोल शिरली असेल, साधारण तितक्याच खोलीपर्यंत चांदी साठते. मात्र फिल्म अल्कलीत जास्त वेळ ठेवण्याचा मोह टाळावा, कारण पृष्ठभाग कमकुवत होऊन थर पुढे सोलून निघतो.

या दोन पायऱ्यांच्या मध्ये फिल्म ऊर्ध्वपातित पाण्याने नीट धुवावी. सुरुवातीला मी यात घाई केली आणि सिल्व्हर नायट्रेटच्या बशीत पाहता पाहता तपकिरी गाळ जमला; उरलेल्या अल्कलीमुळे तयार झालेले ते सिल्व्हर ऑक्साइड होते.

क्षपणासाठी सोडियम बोरोहायड्राइड घेणार असाल, तर द्रावण ताजे, थंड आणि सौम्य ठेवावे व ते आम्लापासून दूर असावे, अन्यथा हायड्रोजन जोरात सुटतो. फिल्म आधी काळपट होते, मग तिला चमक येते. तरीही मल्टीमीटरने रोध मोजावाच, कारण कण एकमेकांना भिडलेले नसतील तर चकाकणाऱ्या थरातूनही वीज वाहत नाही.