रीमॅपचे पैसे बोनसमधून निघतील, इंजिनाचे कुठून काढाल?

प्रश्न (थोडक्यात): दीड वर्षापूर्वी पाच वर्षांचे कर्ज काढून टर्बो पेट्रोल गाडी घेतली. कंपनीची वॉरंटी ३ वर्षांची आहे, वर २ वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी पैसे भरून घेतली आहे. यंदाचा बोनस गाडीच्या कर्जाच्या साधारण सहा हप्त्यांएवढा आला. त्यातले दोन हप्त्यांएवढे पैसे घालून स्टेज वन रीमॅप (सुटे भाग न बदलता, फक्त इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणे) करायचा विचार आहे. ट्यूनर म्हणतो, वॉरंटीला धक्का लागत नाही, सर्व्हिसिंगच्या आधी मूळ फाइल परत टाकून देऊ, शिवाय मायलेज वाढेल. गाडीचा हप्ता महिन्याच्या घरखर्चाच्या एक पंचमांश आहे आणि दोन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला आहे. पैशाच्या बाजूने हा निर्णय कसा वाटतो?

उत्तर: आत्ता करू नका. हौसेला माझा विरोध नाही. तुमच्या बोनसवर पहिला हक्क तुमच्या हौसेचाच, असे म्हणायलाही माझी हरकत नाही. पण तुम्ही ज्या खर्चाचा हिशोब मांडलाय तो खरा खर्च नाही. दोन हप्ते ही फक्त ट्यूनरची मजुरी झाली. त्यासोबत इंजिन, टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स यांची जी जोखीम आज कंपनीच्या गळ्यात आहे, ती तुम्ही उचलून आपल्या गळ्यात घालताय, आणि तिची किंमत पत्रात कुठेच नाही.

आधी रीमॅपमध्ये काय होते ते पाहू, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे. टर्बोने किती दाबाने हवा भरायची, इंधन किती सोडायचे, ठिणगी नेमकी कधी पाडायची, टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) कुठे अडवायचा, याचे तक्ते ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, असतात. ट्यूनर ते तक्ते बदलतो. टर्बो इंजिनात यातून २० ते ३० टक्के जास्त ताकद निघते, ही थाप नव्हे. ती निघते कारण कंपनीने तेवढी मोकळीक मुद्दाम राखलेली असते: हलक्या प्रतीचे पेट्रोल, कडक उन्हाळा, घाटातली चढण, उशिरा बदललेले ऑइल, अशा सगळ्या दिवसांसाठी. त्या मोकळिकीचे पैसे तुम्ही गाडी घेताना मोजले आहेत. ट्यूनर तुमचीच शिल्लक तुम्हाला खर्च करून देतो.

शिल्लक संपली की काय होते? लहान, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर जास्त टॉर्क मागितला तर मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा धोका वाढतो, आणि तसे जोरात झाले तर पिस्टनवरच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. टर्बो जास्त फिरतो, जास्त तापतो. क्लच घसरायला लागतो. फोक्सवॅगन समूहाचा ड्राय क्लचवाला, ७ गिअरचा डीक्यू २०० हा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे. इंजिनाचा टॉर्क आधीच त्या मर्यादेला टेकलेला असेल, तर रीमॅपनंतरचा सगळा जादा भार मर्यादेच्या पलीकडचा. तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्सची मर्यादा किती, हे ट्यूनरला विचारा. त्याला ती तोंडपाठ नसेल तर विषय तिथेच संपला.

आता वॉरंटी. "ट्यूनिंग केले की सगळी वॉरंटी रद्द" हे जितके सरसकट, तितकेच "काही होत नाही" हेही. दाराच्या काचेची मोटर बंद पडली तर रीमॅपचा त्याच्याशी संबंध नाही, आणि सहसा ते काम होऊनही जाते. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. बाहेरचा सुटा भाग लावला एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही, असे तो सांगतो, आणि जगभरचे ट्यूनर त्याचा दाखला देतात. पण बदलामुळेच बिघाड झाला हे कंपनीने दाखवले, तर त्या बिघाडाचा क्लेम त्याच कायद्याखाली नाकारता येतो. ग्यानबाची मेख इथे आहे. रीमॅप नेमका ज्या भागांवर ताण आणतो, वॉरंटीतले सर्वांत महाग भाग तेच आहेत. काचेच्या मोटरची हमी शाबूत आहे, यात समाधान मानण्यासारखे फार काही नाही.

शिवाय कायद्यात सिद्ध करायची जबाबदारी कुणाची, आणि प्रत्यक्षात पैसे अडकतात कुणाचे, या दोन वेगळ्या गोष्टी. इंजिनाचा मोठा क्लेम आला की सर्व्हिस सेंटर आधी ते उघडून पाहायची परवानगी मागते. जॉब कार्डवर खाली एक ओळ असू शकते: तपासणीत दोष वॉरंटीबाहेरचा निघाल्यास उघडण्या-बसवण्याचा खर्च ग्राहकाचा. सही तुमची. त्या क्षणापासून गाडी लिफ्टवर, इंजिन सुटे, तंत्रज्ञाचा अहवाल कंपनीकडे, आणि हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यातून जातोय. रोजच्या प्रवासाचा खर्च वेगळा. भांडून शेवटी जिंकलात तरी मधले महिने पदरमोडच करावी लागते.

मूळ फाइल परत टाकण्याबद्दल दोन गोष्टी. पहिली, पकडले जाता. अनेक ईसीयूंमध्ये प्रोग्रॅमिंग किती वेळा झाले हे मोजणारा काउंटर असतो, आणि मूळ फाइल परत टाकणे म्हणजे आणखी एकदा प्रोग्रॅमिंग. आकडा वाढतो, पुसला जात नाही. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत दोन अपडेट आणि ईसीयूत पाच, तर पुढचे कुणी समजावून सांगायला नको. सॉफ्टवेअर जसेच्या तसे आहे का, हे तपासायला सीव्हीएन नावाचा पडताळणी क्रमांकही असतो. फोक्सवॅगन आणि आउडीच्या वॉरंटी यंत्रणेत तर बदललेले सॉफ्टवेअर आढळले की गाडीवर टीडी१ असा शेरा पडतो. तो चॅसिस क्रमांकाला चिकटतो, म्हणजे गाडी विकली तरी तिच्यासोबत जातो. ईसीयूला न शिवता सेन्सरच्या तारेत बसवायचा डबा मिळतो, तो काढून ठेवला की खूण राहत नाही म्हणतात. ईसीयूला तो फसवत असला तरी बिघाडाच्या वेळच्या नोंदी आणि भाजलेला पिस्टन तो काढल्यावरही तिथेच असतात.

दुसरी गोष्ट: बदल लपवून क्लेम करणे ही फसवणूक आहे. जो सल्ला चालायला तुम्हाला खोटे बोलावे लागते, तो आर्थिक नियोजनात मी धरत नाही.

आता आकडे. मी हप्त्यांतच मांडतो, म्हणजे तुम्हाला स्वतःशी पडताळता येईल. समजा मोठे काम निघाले तर खर्च २५ हप्त्यांचा, आणि वॉरंटीच्या उरलेल्या साडेतीन वर्षांत ते रीमॅपमुळे निघण्याची शक्यता १०० मध्ये ४. दोन्ही आकडे माझे, उदाहरणापुरते. सरासरीने ही जोखीम एका हप्त्याची झाली. म्हणजे रीमॅप दोन हप्त्यांचा नसून तीन हप्त्यांचा. कागदावर एवढे काही वाईट दिसत नाही, आणि इथेच घोडे पेंड खाते. सरासरी हजारो गाड्यांचा धंदा करणाऱ्याला कामाची. तुमची गाडी एक आहे. तुमच्या वाट्याला एकतर शून्य येईल, नाहीतर २५. आणि बाजूला किती आहे? दोन महिन्यांचा घरखर्च, म्हणजे १० हप्ते. तोही गाडीसाठी ठेवलेला नाही, नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले तर लागणारा आहे. उरलेले १५ हप्ते मग क्रेडिट कार्डावर किंवा वैयक्तिक कर्जावर, गाडीच्या कर्जाच्या डोक्यावर आणखी एक कर्ज. शक्यता ४ ऐवजी २ धरली तरी हे चित्र बदलत नाही, म्हणून तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

एक बाब तुमच्या लक्षात आली नसावी. तुमचे कर्ज आणि वॉरंटी एकाच सुमारास संपतात. योगायोग असेल, पण फार सोयीचा आहे: गाडी जोवर बँकेची, तोवर तिची मोठी दुरुस्ती कंपनीकडे. ही व्यवस्था मधेच मोडू नका.

"एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे भरलेत, ते वाया जातील" हे कारण मात्र मी देणार नाही. भरलेले पैसे गेले, त्यांच्याकडे बघून पुढचे ठरवायचे नसते. पुढे मिळणारे संरक्षण मोजायचे. तिचा करार मात्र आजच काढून वाचा. या करारांची भाषा बऱ्याचदा कंपनीच्या मूळ वॉरंटीपेक्षा कडक असते आणि कुठलाही बदल केल्यास करार संपुष्टात, असे कलम त्यात असू शकते.

मायलेजचे आमिष सोडून द्या. टर्बो पेट्रोलची फाइल अनेकदा जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेली असते, ते महाग, आणि हाताशी ताकद आली की पाय जड होतोच. रीमॅप हा हौसेचा खर्च आहे. बचत म्हणून तो स्वतःलाच विकू नका.

विमा कंपनीला बदल कळवावा लागेल. विम्याचा हप्ता थोडा वाढेल, पण न कळवता अपघाताचा क्लेम अडला तर त्यापुढे इंजिनाचा खर्च किरकोळ वाटेल. आणि धूर गाळणारा फिल्टर किंवा ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करून देण्याची तयारी एखाद्याने दाखवली, तर ते प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही.

ट्यूनर स्वतःची वॉरंटी देत असेल तर तिचा कागद मागा. ती फक्त फाइलची आहे की इंजिनाच्या भागांची? एका क्लेमला कमाल किती? दोष कुणाचा हे कोण ठरवणार? मागे विमा कंपनी उभी आहे की फक्त त्याचा शब्द? बहुतेकदा नुसती "फाइल बिघडली तर दुसरी देऊ" एवढीच हमी निघते. खरा अपवाद कंपनीमान्य ट्यूनिंगचा. व्होल्वोने पोलस्टारचे असे सॉफ्टवेअर आपल्याच डीलरांमार्फत, मूळ वॉरंटी कायम ठेवून विकले होते. तुमच्या गाडीसाठी तसे काही अधिकृतपणे मिळत असेल आणि वॉरंटी कायम राहील हे लेखी देत असतील, तर दुप्पट किंमत असली तरी माझे उत्तर बदलेल.

बोनसचे असे करा. चार हप्त्यांएवढे आपत्कालीन निधीत टाका, तो अजून तोकडा आहे. दोन हप्त्यांएवढे वेगळ्या खात्यात, गाडीच्या नावाने, आणि दर महिन्याला त्यात अर्ध्या हप्त्याची भर. साडेतीन वर्षांत तिथे २१ आणि आधीचे २, म्हणजे २३ हप्ते व्याज सोडून जमतील. तोवर कर्ज फिटलेले असेल आणि वॉरंटी तशीही संपत आलेली असेल. ती संपण्याच्या महिनाभर आधी गाडी सर्व्हिस सेंटरला नेऊन क्लच, टर्बो, गिअरबॉक्स सगळे तपासून घ्या. जो आवाज, जी गळती असेल ती जॉब कार्डवर लिहून घ्या आणि वॉरंटीत दुरुस्त करून घ्या. ते झाल्यावर ट्यूनरला फोन करा.