भिंतीवरचं हे मोठं पाखरू कोणतं?

प्रश्न: गडचिरोलीतल्या आरमोरी तालुक्यातून लिहितोय, सोबत फोटो जोडलाय. हिवाळ्यात जंगलातून सरपण आणलं, त्यात येनाच्या (ऐन झाडाच्या) एका फांदीला अंड्यासारखं टणक काहीतरी लटकून होतं, पोरांनी ते भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवलं. आता पाऊस लागला अन् एका संध्याकाळी त्यातून हे भलंमोठं पिवळसर पाखरू निघालं, भिंतीवर तपकिरी पाणीही सोडलं. आई म्हणते विषारी आहे, मारून टाक. त्यानं तिथंच अंडी घातलीत. हे आहे कोणतं, खातं काय अन् अंड्यांचं काय करू?

उत्तर: आधी आईला सांगा, मारू नका. हे विषारी नाही अन् चावत तर नाहीच, कारण त्याला कामाचं तोंडच नसतं. अहो, हा आपला कोसा आहे! टसर रेशमाचा पतंग, शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिटा. तुमच्याच भागातला ढिवर समाज पिढ्यानपिढ्या येनावर ज्या अळ्या पाळत आलाय त्यांचाच हा पतंग.

फोटोत चारही पंखांवर एकेक गोल पारदर्शक ठिपका दिसतोय, ओळख पटायला तेवढं पुरे. अॅटलास पतंगाच्या पंखांवरचे असे डाग तिकोनी असतात अन् चांद पतंग फिक्का हिरवा, लांब शेपट्यांचा, त्यामुळे घोटाळा होत नाही. तुमची मादी आहे, पोट जाड अन् मिशा अरुंद. नराच्या मिशा रुंद, केसाळ असतात, त्यांनीच तो रात्री मादीचा वास दुरून पकडतो.

ते टणक अंडं म्हणजे कोश. जवळून बघा, वरचा देठ फांदीभोवती कडं घालून पक्का बसवलेला दिसेल, हे सगळं अळीनं एकटीनं विणलेलं असतं. हिवाळ्यात बनलेल्या कोशातला जीव आत तसाच झोपून राहतो अन् पाऊस आला की जागा होतो. बाहेर येताना तो कोश कुरतडत नाही, तोंडाकडून एक रस सोडून देठाकडची बाजू मऊ करतो अन् धागे बाजूला सारत निघतो. अशा फुटक्या कोशाचा सलग धागा निघत नाही, म्हणून धाग्यासाठीचे कोश पतंग निघायच्या आधीच उष्णता देऊन मारतात, मला तरी हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं. भिंतीवरचं पाणी म्हणजे त्याच्या अंगातली साठलेली घाण, पुसून टाका.

खायला काही देऊ नका. अळी असताना खाल्लेल्यावरच तो आठवडाभर जगतो, जोडी जमवतो, मादी दीडदोनशे अंडी घालते अन् संपते.

अंड्यांचं म्हणाल तर रात्री खिडकी उघडी असली अन् नर येऊन गेला असेल तरच ती फुटतील. आठ-दहा दिवस वाट बघा, मुंगळ्यांपासून जपा. बारीक, काळ्या डोक्याच्या अळ्या निघाल्या की येनाची कोवळी डहाळी भिंतीला टेकवा, त्या आपोआप चढतात, मग ती डहाळी झाडाला बांधून द्या. येन जवळ नसेल तर अर्जुनही चालतो. महिना-दीड महिन्यात चार वेळा कात टाकून अळी चांगली बोटभर, हिरवीगार होते, मग नवा कोश विणायला घेते. पोरांना सांगा, झाडाखाली विष्ठेचे दाणे पडलेले दिसले की वर नक्की अळी सापडते, पण हात लावू नका, पक्ष्यांपासून तेवढं लक्ष ठेवा.