‘आरोपी’ म्हणजे कोण, आणि ‘निर्दोष सुटला’ म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे: ‘एका नटाविरुद्धच्या तक्रारीच्या बातमीत त्याला आरोपी म्हटलं होतं. आमच्या घरी त्यावरून वाद झाला. आरोपी म्हणजे आरोप करणारा, की ज्याच्यावर आरोप झाला तो? आणि उद्या तो निर्दोष सुटला असं छापून आलं, तर त्यानं ते केलंच नव्हतं असं समजायचं का? मग तक्रार करणारी बाई खोटी ठरते का?’

आधी सोपा भाग. संस्कृतातला ‘इन्’ प्रत्यय लागून मराठीत ज्या ई-कारान्त शब्दांची रांग उभी आहे, त्यात दोन्ही तऱ्हेची माणसं आहेत. ‘वादी’ म्हणजे वाद मांडणारा, पण ‘रोगी’ म्हणजे ज्याला रोग झाला तो. त्यामुळे घरातल्या दोन्ही बाजूंना व्याकरणाचा आधार आहे. वापरानं मात्र निकाल कधीच दिला आहे: आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. ‘आरोपित’ हा शब्द अधिक काटेकोर ठरला असता, पण तो रुळला नाही आणि आता रुळवण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

‘आरोप’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र जपून ठेवण्यासारखा आहे. रोप, रोपण, आरोपण ही सगळी एकाच धातूची मुलं. आरोप म्हणजे वर चढवणं, वर ठेवणं. धनुष्याला दोरी चढवतात तेही आरोपण. वेदान्तात दोरीवर साप दिसतो त्याला अध्यारोप म्हणतात. साप आपण दोरीवर ठेवलेला असतो, तो दोरीत नसतो. म्हणजे आरोप ही बाहेरून येऊन बसलेली गोष्ट आहे, ती खरी की खोटी हे शब्द सांगत नाही. अडचण अशी की ‘आरोपी’ हा शब्द रोगी, दोषी, अपराधी यांच्या पंगतीत बसतो. रोग रोग्याच्या आत असतो, दोष दोषीच्या आत. मग कान आरोपसुद्धा त्या माणसाच्या आतच ऐकतो.

हे मी जवळून पाहिलं आहे. काही वर्षं एका दैनिकात मुद्रितं तपासायचं काम केलं. रात्री साडेअकराला पान सोडायची घाई, आणि समोर मथळा: ‘गुन्हेगार अभिनेत्याला पोलीस कोठडी’. अटक होऊन एक दिवस झालेला. मी ‘गुन्हेगार’ खोडून ‘आरोपी’ लिहिलं. पानावरचे सहकारी म्हणाले, ‘अहो, दोन्ही एकच. लोकांना कळतं.’ लोकांना तेच कळतं, ही तर माझी तक्रार होती. त्याच पानावर खाली दुसऱ्या एका बातमीत ‘नराधमाला अटक’ होतं. तो अभिनेता नसल्यामुळे तिथे कोणी खोडायलाही बसलं नव्हतं, आणि मीही तो शब्द तसाच जाऊ दिला. त्याची रुखरुख अजून आहे.

खरं तर घसरण त्याच्याही आधी सुरू होते. ‘अमक्यावर गुन्हा दाखल’ हे वाक्य आपण रोज वाचतो. पोलीस ठाण्यात कोणीतरी जाऊन जे सांगितलं ते लिहून घेतलं, इतकंच घडलेलं असतं. पण वाक्यात ‘गुन्हा’ आधीच येऊन बसला. गुन्हा आहे म्हटल्यावर गुन्हेगार शोधायला किती वेळ लागणार? त्याच कागदाचं मराठी नाव आहे ‘प्रथम खबर’. खबर! किती नेमका शब्द. खबर खरी असते, खोटी असते, अर्धवट असते. ती आली एवढंच त्यात म्हटलेलं आहे. ‘फिर्याद’ही सुंदर शब्द आहे. फारसीत त्याचा अर्थ दाद मागण्यासाठी फोडलेला टाहो. त्यात तक्रार करणाऱ्याची वेदना आहे आणि समोरच्याचा निकाल नाही.

आपली जुनी मराठी मात्र याच्या अगदी उलट बाजूला कललेली आहे, हे या प्रश्नावर विचार करताना मला प्रकर्षानं जाणवलं. गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला तर चोरीचा आळ येतो, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. स्यमंतक मण्याची ती गोष्ट. कृष्णावर आळ आला, आणि तो खोटा होता. ‘आळ’ ऐकला की ज्याच्यावर आला त्याचीच कीव येते. बालंट तसंच, किटाळ तसंच, तोहमत तशीच. माझी आत्या सांगलीची; घरात काही हरवलं आणि कामाच्या मुलाकडे कोणी बोट दाखवलं की म्हणायची, ‘पाहिलंस का डोळ्यांनी? मग उगाच पोराच्या अंगावर बालंट आणू नकोस.’ माया होती त्यात, आणि न्यायही. पण आता तक्रार करणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे काय शब्द आहेत ते पाहा: कांगावा, आकांडतांडव, बोभाटा, चव्हाट्यावर आणणं. खोट्या आरोपाला चार शब्द, आणि खरा पण सिद्ध करता न आलेला जो आरोप असतो त्याला एकही नाही. ‘वाचा फोडणं’ एवढा एक वाक्प्रचार तिच्या बाजूचा, आणि तोही बहुधा तिच्यासाठी दुसरंच कोणी वापरतं.

म्हणजे वाड्यातली भाषा आरोपीला जपणारी आणि मथळ्यातली भाषा त्याला चिरडणारी. मधली, तपास चालू असतानाची भाषा आपल्याला बनवावी लागते आहे. ‘कथित’ हा त्यातला एक प्रयत्न. पण तो कुठे ठेवायचा हे कळायला हवं. ‘कथित घटना’ ठीक आहे. ‘कथित पीडिता’ लिहिलं की त्या बाईच्या तोंडावर अविश्वास फेकल्यासारखं होतं, आणि नुसतं ‘पीडिता’ लिहिलं की निकाल देऊन मोकळं होतो. तिथे ‘तक्रारदार’ हा साधा शब्द दोघांनाही न्याय देतो. बोलीतलं ‘म्हणे’ मोहात पाडतं, कारण ऐकीव गोष्टीसाठी ते अस्सल मराठी. पण ‘त्यानं म्हणे तिचा हात धरला’ असं मोठ्यानं म्हणून पाहा. बोलणाऱ्याचा विश्वास नाही हे लगेच कळतं. ‘त्यानं हात धरला, असं तिचं म्हणणं आहे’ हे लांब आहे, तरी तेच लिहावं.

आता ‘निर्दोष सुटला’. या दोन शब्दांतला प्रत्येक शब्द आपापल्या दिशेनं चुकतो. निर्दोष हिरा असतो, निर्दोष छपाई असते. ज्यात डाग शोधूनही सापडत नाही ते निर्दोष. न्यायालय सहसा इतकं म्हणत नाही. वाजवी शंकेपलीकडे आरोप सिद्ध झाला नाही, एवढं ते म्हणतं. ‘सुटला’मध्ये मात्र निसटल्याचा वास आहे: कैचीतून सुटला, पैसे चारून सुटला. पहिला शब्द न्यायालयापेक्षा जास्त देतो, दुसरा दिलेलं काढून घेतो. त्यात ‘दोषमुक्त’ची भर. वर्तमानपत्रं हा शब्द बहुधा खटला उभा राहण्याआधीच नाव वगळलं गेलं तर वापरतात, आणि साक्षीपुरावे होऊन निकाल लागला की ‘निर्दोष मुक्तता’. वाचकाला हा फरक कोणी सांगत नाही.

आपल्या घरचं उदाहरण घेऊ. अभिनेत्री तनुश्री दत्ता यांनी 2008 मधल्या एका चित्रीकरणाबद्दल 2018 मध्ये नाना पाटेकर आणि इतरांविरुद्ध ओशिवरा पोलिसांकडे तक्रार केली. पाटेकरांनी आरोप कायम नाकारले. 2019 मध्ये पोलिसांनी ‘बी समरी’ दिली. समरी म्हणजे तपास बंद करताना पोलीस न्यायालयाला देतात तो अहवाल. आपल्याकडे ए, बी, सी अशा समऱ्या असतात. ए म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागत नाही, बी म्हणजे तक्रार खोटी असं पोलिसांचं मत, सी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा खरी-खोटी ठरवता न येणारी. मथळे आले ‘क्लीन चिट’चे, जणू पोलिसांचं मत म्हणजेच निकाल. पुढे मार्च 2025 मध्ये अंधेरीच्या दंडाधिकारी न्यायालयानं तक्रार मुदतीनंतरची असल्यामुळे दखल घ्यायला नकार दिला. तिथे खटलाच चालला नाही. त्यावर ‘निर्दोष सुटले’ लिहिणं चूक आणि ‘खोटी तक्रार ठरली’ लिहिणंही चूक. ‘मुदतबाह्य’ हा शब्द कोरडा आहे, पण घडलं ते त्यातच आहे.

परदेशातही हेच. अमेरिकी विनोदी अभिनेते बिल कॉस्बी 2018 मध्ये दोषी ठरले आणि जून 2021 मध्ये पेनसिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती दोषसिद्धी रद्द केली. कारण आधीच्या सरकारी वकिलानं खटला न भरण्याचा शब्द दिला होता. तिथे ‘निर्दोष’ बसतच नाही. ‘दोषसिद्धी रद्द’ हेच बसतं.

आणि एक जुनं प्रकरण, जिथे उलट घडलं. मूकपटांतला रॉस्को आर्बकल, ‘फॅटी’ नावानं जगभर लाडका. सप्टेंबर 1921 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सेंट फ्रान्सिस हॉटेलातल्या त्याच्या मेजवानीनंतर काही दिवसांनी व्हर्जिनिया रॅप ही अभिनेत्री मरण पावली. मूत्राशय फाटून पोटात संसर्ग झाला होता. वर्तमानपत्रांनी त्याला राक्षस ठरवून टाकलं. तिच्या मृत्यूबद्दल त्याच्यावर खटला भरला गेला. दोन खटल्यांत पंचांचं, म्हणजे ज्यूरीचं, एकमत झालं नाही. तिसऱ्यात, 12 एप्रिल 1922 ला, पंच सहाएक मिनिटांत परतले, आणि त्यातला बराचसा वेळ एक निवेदन लिहिण्यात गेला होता. त्यातलं पहिलं वाक्य मराठीत आणायला मी बसलो तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. ‘निर्दोष सुटका आर्बकलसाठी पुरेशी नाही’ असं लिहिलं आणि वाक्य कोसळलं. माणूस निर्दोष म्हटल्यावर आणखी पुरेसं काय हवं? त्या पंचांना म्हणायचं होतं की आमचा निकाल त्याला फक्त आरोपातून मोकळं करतो. त्याच्यावर मोठा अन्याय झाला हे आम्हाला वेगळं सांगायचं आहे. म्हणून मी लिहिलं, ‘नुसती मुक्तता आर्बकलसाठी पुरेशी नाही.’ निर्दोषपण त्यांना वेगळ्या कागदावर लिहावं लागलं, कारण निकालाच्या शब्दात ते मावत नव्हतं. सहा दिवसांनी चित्रपट उद्योगाचे प्रमुख विल हेज यांनी त्याच्यावर बंदी घातली. ती त्याच वर्षाअखेर उठली, पण पुढे त्याला दुसऱ्या नावानं दिग्दर्शन करावं लागलं.

तेव्हा तुमच्या घरच्या वादात असं सांगा: आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, तेवढाच. आणि उद्या निकाल त्याच्या बाजूनं लागला, तर बातमीत ‘आरोप सिद्ध झाले नाहीत, मुक्तता’ असं लिहिलेलं असावं. तक्रार खोटी होती असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं असेल तरच तिला खोटी म्हणा, आणि तेव्हा ते न्यायालयाच्या नावानं म्हणा.