डीएच म्हणजे अर्धा खेळाडू? मग क्लोजर किती?

प्रश्न: मी आणि माझा मित्र दोघंही बेसबॉल बघतो. तो म्हणतो डेझिग्नेटेड हिटर (डीएच) हा अर्धाच खेळाडू, त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मान यादीत, घेणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय. मला पटत नाही पण मुद्देसूद बोलता येत नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि पिचिंग-बॅटिंग दोन्ही करणाऱ्या ओहतानीचं काय होणार?

उत्तर: मला वाटतं घ्यायलाच पाहिजे, फक्त बॅट तशी हवी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीएच म्हणजे पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) ऐवजी बॅटिंग करणारा माणूस, फिल्डिंगला तो जात नाही. तिकडच्या मुख्य स्पर्धेत दोन लीग आहेत, त्यातल्या अमेरिकन लीगने हा नियम १९७३ मध्ये आणला, नॅशनल लीग मात्र कितीतरी वर्षं नाक मुरडून बसली होती आणि शेवटी २०२२ मध्ये त्यांनीही तो कायमचा घेतला. म्हणजे हे काय मागच्या दाराने आलेलं काम नाही, नियमातच लिहिलेली जागा आहे, आणि मॅनेजरने तिथे उभं केलं तर खेळाडूने काय करायचं, घरी जायचं?

आता मित्राला २०१९ ची गोष्ट सांगा. त्या वर्षी हॉलसाठी बेसबॉल लेखकांच्या एकाच मतदानात मारियानो रिवेरा आणि डीएच एडगर मार्टिनेझ दोघंही निवडले गेले. रिवेराला १०० टक्के मतं, हे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. एडगरला ८५.४ टक्के, पण दहाव्या म्हणजे शेवटच्या चान्सला! लागतात ७५ टक्के आणि २०१४ मध्ये बिचारा २५ टक्क्यांवर अडकला होता. कारण काय तर डीएच. बरं रिवेरा कोण, तर क्लोजर, म्हणजे मॅच संपत आली की येणारा पिचर, बहुतेक वेळा एक इनिंग टाकणार आणि जाणार, १९ सीझनमध्ये मिळून १२८३ इनिंग्ज, तेवढ्या तर एखादा दमदार स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, सहा-सात सीझनमध्ये टाकतो. आणि बॅटिंग? रेग्युलर सीझनमध्ये एकही हिट (बॉल मारून बेस गाठणं) नाही. शून्य. त्याला कुणी अर्धा म्हटलं का? नाही, आणि म्हणूही नये, मी स्वतः रिवेराचा भक्त आहे. पण याच रिवेरासमोर एडगरचे आकडे बघा, १९ अ‍ॅट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांत) ११ हिट. जगातल्या सगळ्यात भारी क्लोजरला ज्याने असं धुतलं त्याला दहा वर्षं दारात उभं ठेवलं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

एडगरचं अजून एक मला फार आवडतं. त्याच्या डोळ्यांना तिरळेपणाचा त्रास होता, दोन्ही डोळे एका जागी लागायचे नाहीत, तर हा माणूस रोज डोळ्यांचे व्यायाम करायचा, मशीनमधून जोरात सुटणाऱ्या टेनिस बॉलवर आकडे लिहिलेले असायचे आणि बॉल येता येता तो आकडा वाचायचा. असं करून करिअर अ‍ॅव्हरेज .३१२, म्हणजे हजारात ३१२ हिट, आणि दोनदा बॅटिंग टायटल (लीगमधलं सगळ्यात वरचं अ‍ॅव्हरेज). अर्धा खेळाडू म्हणे!

फिल्डिंग करत नाही त्याची किंमत मोजायलाच हवी, ते मला मान्य आहे. पण ती मोजली जातेच ना. खेळाडूने टीमला किती विजय मिळवून दिले हे मोजणारा वॉर नावाचा जो आकडा सगळे तोंडावर फेकतात त्यात डीएचचे रन आधीच कापलेले असतात, कुठल्याही पोझिशनपेक्षा जास्त. वर मतदारांनी परत कापायचे म्हणजे एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा. उलट हॉलमध्ये असे कितीतरी जण आहेत ज्यांच्या हातात ग्लोव्ह असूनसुद्धा टीमचं नुकसानच व्हायचं, त्यांना कोणी विचारत नाही.

आणि दुसरा डीएच, डेव्हिड ऑर्टिझ. ५४१ होम रन, २०२२ मध्ये पहिल्याच फटक्यात आत, ७७.९ टक्के. त्याचा किस्सा म्हणजे २००४ ची वर्ल्ड सिरीज (सीझनची फायनल), तिसरी मॅच सेंट लुईसमध्ये, तिथे तेव्हा डीएच चालायचा नाही म्हणून हा फर्स्ट बेसवर उभा. सेंट लुईसच्या कार्डिनल्स टीमचा पिचर जेफ सुपान रन काढायला थर्ड बेसवरून होमकडे निघाला, मधेच थबकला, जाऊ की नको करत राहिला, ऑर्टिझने फर्स्टचा आउट घेतला आणि बॉल सरळ थर्डला फेकून त्याला पण उडवला. बॅटशिवाय काही येत नाही म्हणणाऱ्यांनी तेवढी क्लिप बघावी.

आता माझी एक नाराजी पण सांगतो. हॅरल्ड बेन्स, हाही डीएच. २८६६ हिट्स, उत्तम माणूस, उत्तम बॅटर, पण लेखकांच्या मतदानात कधी ७ टक्के पण मिळाले नाहीत आणि नंतर कमिटीने आत घेतलं, ते पण एडगरच्याच वर्षी. फक्त बॅटवर यायचं तर ती बॅट एडगर-ऑर्टिझसारखी बोलायला हवी, बेन्सची तेवढी नव्हती, आणि अशा निवडीने डीएचवाल्यांची बाजू उलट लंगडी पडते.

ओहतानीचं म्हणाल तर २०२४ मध्ये पिचिंग न करता नुसत्या डीएचवर त्याने एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मारली, ५४ होम रन आणि ५९ स्टील्स (चोरून पुढचा बेस गाठणं), फुल टाइम डीएचला ती पहिल्यांदाच मिळाली आणि ती पण एकमताने. हॉलसाठी किमान १० सीझन लागतात, त्याचे २०१८ पासून मोजा, दहावा २०२७ ला होईल. पुढे रिटायर झाल्यावर परत पाच वर्षं थांबायचं. तोपर्यंत मित्राशी भांडायला भरपूर वेळ आहे.